दुसऱ्या शाखेचा विषय घेताना

इंजिनिअरिंगला लोणेऱ्यात असा की रत्नागिरीत, मेकॅनिकलला असून सिव्हिलचा विषय घ्यायचा तर नावावर जाऊ नका, आधी अभ्यासक्रमातलं पहिलं युनिट उघडा. आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) डिझाइनमध्ये तुम्हाला बेंडिंग मोमेंट, म्हणजे भाराने तुळई वाकवणाऱ्या परिणामाचं गणित, येतं असं धरूनच सुरुवात होते. ते कच्चं असेल तर पुढे सगळंच अडतं. त्यापेक्षा काँक्रीटचा टिकाऊपणा आणि गंज हा विषय बघा. किनाऱ्यावर तो घरोघरी दिसतो: खाऱ्या हवेतलं क्लोराइड आत झिरपतं, सळईवरचा संरक्षक थर तुटतो, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे पडतात. म्हणूनच आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक किनारी हवेत उघड्या आरसीसीला किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर (सळईवरचं काँक्रीटचं आवरण) सांगतं. यातली इलेक्ट्रोकेमिस्ट्री पहिल्या वर्षीच्या केमिस्ट्रीवर समजते.

हा विषय एनपीटीईएलवरून (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) करणार असाल तर कॉलेज त्याचं क्रेडिट पदवीत धरणार का, हे विभागप्रमुखांकडून नोंदणीआधी लेखी घ्या. १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८ असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात. असाइनमेंटला किमान १० आणि परीक्षेत ३० हवेतच. एकीकडे कमी पडले तर प्रमाणपत्र नाही. जुलैच्या सत्रात पावसाने वीज आणि नेट दोन्ही जातं. आठवडा उघडला की व्हिडिओ उतरवून घ्या, असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर टाकू नका.