प्रोग्रामर बायकांचा संध्याकाळचा मीटअप: या चुका टाळा

कोकणातला मीटअप वक्त्यामुळे क्वचितच फसतो. तो फसतो कारण परतीची सोय सगळ्यात शेवटी सुचते. रत्नागिरी असो, चिपळूण असो की कुडाळ, वेळापत्रक परतीच्या गाडीपासून उलटं मांडत या.

पुण्याची वेळ इथे लावणं

सात ते नऊ ही वेळ शहरात चालते. इथे गावाकडची शेवटची एसटी धरायची असते, आणि डिसेंबरात साडेसहालाच काळोख होतो. डेपोत जाऊन ज्या मार्गांवरून बायका येणार आहेत त्या प्रत्येकाची शेवटची गाडी विचारा. सगळ्यात लवकर सुटणारी गाडी समजा आठची असेल, तर कार्यक्रम सव्वासातला संपायला हवा. साडेपाचला सुरू केलात तर पावणेदोन तास हातात राहतात. पंधरा मिनिटं चहा, मग वीस मिनिटांची दोन सत्रं आणि प्रत्येकापुढे दहा मिनिटं प्रश्न, शेवटी पाच-पाच मिनिटांची तीन छोटी सत्रं. उरलेली पंधरा मिनिटं उशिरासाठी राखून ठेवा, ती लागतातच.

चहा आधीच द्या. ऑफिसातून धावत येणारीचं सत्र चुकत नाही आणि ओळखीही होतात. चहा शेवटी ठेवलात तर एसटीवाल्या तो न घेताच निघतात. हॉलपासून स्टँडपर्यंतच्या दोन-तीन रिक्षा आधीच सांगून ठेवा.

गणपती, शिमगा आणि भातलावणीचे दिवस सोडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचे. मे महिन्यात मुंबई-पुण्यात काम करणाऱ्या मुली गावी आलेल्या असतात, म्हणून वक्त्या मिळवायला तो महिना चांगला. फक्त महिनाअखेरीस संध्याकाळचा वळीव गाठतो हे धरून चला.

हॉल दुपारी पाहून ठरवणं

पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली माइक असूनही काही ऐकू येत नाही. स्लॅबचा हॉल बघा. जांभ्याच्या जाड भिंतींच्या जुन्या हॉलमध्ये मोबाइलची रेंज दारातच संपते, तेव्हा तिथे संध्याकाळी सहाला जाऊन, वक्ती उभी राहील त्याच जागेवरून इंटरनेट तपासा.

वीज जाणार असं धरूनच तयारी करा. प्रोजेक्टर साधारण ३०० वॅट, दोन पंखे १५०, लॅपटॉप ६५, स्पीकर ५०, दिवे आणि राउटर मिळून साठेक. बेरीज सव्वासहाशेच्या आसपास जाते. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर एवढा भार पेलतो, पण १५० एएचची चांगली बॅटरीसुद्धा त्यावर दीडेक तासच टिकते. जुनी बॅटरी त्याआधीच मान टाकते. दोन दिवस आधी मेन स्विच पाडून, सगळं चालू ठेवून, घड्याळ लावून बघा.

खरा घोळ वीज गेल्याच्या त्या एका क्षणात होतो. इन्व्हर्टर चालू होईपर्यंत प्रोजेक्टर बंद पडतो, आणि दिव्याचा प्रोजेक्टर गरम असताना लगेच पेटत नाही, थंड होईपर्यंत काही मिनिटं सभा खोळंबते. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेवा. नसेल तर कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस फक्त प्रोजेक्टरला लावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकर घरघरतो, साइन वेव्हचा मिळाला तर तोच घ्या.

शाळा-कॉलेजच्या हॉलमधले प्रोजेक्टर अजून व्हीजीएचे निघतात. यूएसबी-सी ते एचडीएमआय आणि एचडीएमआय ते व्हीजीए असे दोन्ही अ‍ॅडॅप्टर जवळ हवेत. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्याची वायर वेगळी लागते.

डेमो नेटच्या भरवशावर सोडणं

एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजेस नेटवरून उतरवणं, स्टेजवर करायचं नाही. आदल्या रात्री सगळी पॅकेजेस उतरवा, मग वाय-फाय बंद करून डेमो सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा. तेव्हाच कळतं की फॉन्ट बाहेरून येत होता, किंवा लॉगिनला ओटीपी लागतो. रेंज नसलेल्या हॉलमध्ये त्या ओटीपीवर सगळं अडतं. चालत्या डेमोचा व्हिडिओ लॅपटॉपवर ठेवा. एडिटरमधली अक्षरं २४ पॉइंटपेक्षा लहान नकोत. हॉलमध्ये पुरेसा अंधार होत नसेल तर पांढरी पार्श्वभूमी आणि काळी अक्षरं ठेवा. मागच्या रांगेत बसून एक सेमीकोलन दिसतोय का बघा.

बाईला बाईपणावरच बोलायला लावणं

ही चूक सगळ्यात जास्त टोचते. जिने वर्षानुवर्षं डेटाबेस सांभाळला तिला ‘आयटीतली स्त्री’ हा विषय देऊ नका. ‘अलीकडे कुठला बग फार दिवस सापडत नव्हता?’ असं विचारा, विषय तिथेच मिळतो. मंद चालणारी क्वेरी इंडेक्सने कशी सुधारली, एकच पेमेंट दोनदा जाऊ नये म्हणून सर्व्हर काय करतो, असं काहीतरी. पहिल्यांदा बोलणारीची तालीम तीन दिवस आधी फोनवर, घड्याळ लावून घ्या. मराठीत बोललं तर चालेल हे निमंत्रणातच लिहा, नाहीतर जिला विषय उत्तम येतो तीही इंग्रजीच्या धास्तीने नाही म्हणते.

बरोबर आलेल्यांचं काय, हे न ठरवणं

सोडायला आलेला भाऊ किंवा नवरा मागे बसू लागला की काही जणी प्रश्न विचारायचं टाळतात. २००५ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या गर्ल गीक डिनर्स या तंत्रक्षेत्रातल्या बायकांच्या मेळाव्यांचा नियम इथेही उपयोगी आहे: पुरुष येतो तो एखाद्या बाईचा पाहुणा म्हणूनच. तो पाळायचा, की हॉल फक्त बायकांसाठी ठेवून बाहेर खुर्च्या टाकायच्या, ते आधी कळवा. मुलांसाठी शेजारची खोली, सतरंजी आणि लक्ष ठेवायला एक माणूस लागतो.

नावनोंदणीसाठी सगळ्यांना एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकलं की प्रत्येकीचा नंबर अनोळखी लोकांपुढे जातो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. त्यात २५६ जणी मावतात, पण निरोप पोचतो तो तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच, म्हणून फॉर्मवर तसं ठळक लिहा. फोटो नको असलेल्यांना दारातच लाल टिकली चिकटवायला द्या, आणि फोटो काढणारीला ती आधीच दाखवा.