पिंपल्ससाठी अँटिबायोटिक गोळ्या चालू केल्यात? मग या चुका टाळा

डॉक्सीची, म्हणजे पिंपल्ससाठी दिलेल्या डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची, पहिली गोळी मी रात्री पावणेबाराला घेतली. हॉस्टेलच्या कॉटवर बसून, बाटलीच्या तळाला उरलेल्या दोन घोट पाण्याबरोबर, आणि लगेच लाइट बंद करून आडवी झाले. तीन रात्री असंच चाललं. चौथ्या दिवशी सकाळी मेसमध्ये चहाचा पहिला घोट घेतला आणि छातीच्या बरोबर मधोमध निखारा ठेवल्यासारखं झालं, पोळीचा घास गिळताना तो कुठून कुठे चाललाय ते कळत होतं, शेवटी तर थुंकी गिळायचीसुद्धा भीती वाटायला लागली. मला वाटलं हार्टचं काहीतरी आहे. आईला फोन केला तर ती म्हणाली उष्णता झाली असेल, सबजा पी.

स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेले तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, गोळी घेऊन लगेच झोपतेस का?"

झालं होतं असं की डॉक्सीसायक्लिनची कॅप्सूल पाणी कमी पडलं की अन्ननलिकेत चिकटून बसते आणि तिथेच विरघळते, ते औषध अ‍ॅसिडिक असतं त्यामुळे आतली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होऊन जखम होते. हे खूप जणांना होतं आणि बहुतेक जण त्याला अ‍ॅसिडिटी समजतात. मग ते गुलाबी अँटासिड पितात, आणि अँटासिडमधलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम गोळीलाच धरून ठेवतं, म्हणजे गोळी रक्तात जातच नाही. छातीही जळते आणि पिंपल्सही तसेच.

मला मॅडमनी गोळी काही दिवस बंद ठेवायला सांगितली, गार आणि मऊ खायला सांगितलं, आठ-दहा दिवसांत बरं वाटलं. त्यानंतर माझा नियम एकच, गोळी रात्रीच्या जेवणानंतर, मोठा ग्लास भरून पाण्याबरोबर, आणि पुढे किमान अर्धा तास बसून किंवा चालत. झोपताना तर कधीच नाही. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, त्यामुळे जेवणानंतर बरी पडते.

दूध, लोह आणि बाकीच्या गोळ्या

डॉक्सी ज्या कुटुंबातली आहे ना, टेट्रासायक्लिन, त्या औषधांचं कॅल्शियम, लोह, झिंक यांच्याशी जमत नाही, पोटात एकमेकांना चिकटतात आणि औषध वाया जातं. डॉक्सीला दुधाचा त्रास जुन्या टेट्रासायक्लिनइतका नाही, तरी मी दूध, कॅल्शियमची गोळी आणि अँटासिड दोन-तीन तास लांब ठेवते. लोहाचं मात्र सिरियसली घ्या. आपल्याकडे निम्म्या मुलींचं हिमोग्लोबिन कमी, घरोघरी लोहाच्या गोळ्या चालू असतात, आणि आई लोक सगळ्या गोळ्या एकाच वाटीत काढून देतात. डॉक्सी रक्तात गेल्यावरही थोडी परत आतड्यात येते, तिथे लोह तिला पकडतं, म्हणजे नुसतं अंतर ठेवूनही पूर्ण भागत नाही. लोह चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, ते ठरवतील कुठलं औषध आधी. माझीही लोहाची गोळी चालू होती, पण मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं, पहिला महिना जवळजवळ त्यातच गेला असं मला आज वाटतं.

ऊन

हरिहर गडावर गेलो होतो मार्चमध्ये. त्या उभ्या पायऱ्या चढताना दोन्ही हात वर खोबणीत आणि ऊन थेट हाताच्या पाठीवर. बाकी सगळ्यांचे हात नेहमीसारखे काळवंडले, माझे मात्र संध्याकाळी नाशिकला पोचेपर्यंत लालबुंद, गरम पाणी सांडल्यासारखे, आणि नाकाचा शेंडा सोलायला लागला. डॉक्सीवर असताना कातडी उन्हाला अशी रिअ‍ॅक्ट होते, काहींची तर नखं टोकाकडून सुटायला लागतात. पुण्यातल्या मुली स्कूटीवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून फिरतात ना, डॉक्सी चालू असताना तो वेश एकदम योग्य आहे, फक्त घामेजलेला स्कार्फ रोज धुवा. चेहऱ्याला, मानेला, कानांना आणि हाताच्या पाठीला सनस्क्रीन, आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. ट्रेक, शेतातलं काम, क्रिकेटची मॅच असं काही ठरलेलं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

सगळ्यात मोठी चूक: फक्त गोळी घेणं

ही मला सगळ्यांना हात धरून सांगावीशी वाटते. आपल्याला गोळी म्हणजे खरं औषध आणि क्रीम म्हणजे वरवरचं असं वाटतं. पिंपल्समध्ये जवळपास उलटं आहे. पिंपल होतो कारण तेल जास्त सुटतं, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचा बूच बसतो, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू वाढतात (पूर्वी यांचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम होतं) आणि मग सूज येते. अँटिबायोटिक जंतू कमी करतं आणि सूज उतरवतं, डॉक्सीचा सूज उतरवण्याचा गुण तर स्वतंत्रच आहे. पण बूच ती काढत नाही. तेल ती थांबवत नाही. गोळी बंद केली की बूच तिथेच, तेल तिथेच, आणि पिंपल्स परत.

बूच काढायचं काम अ‍ॅडापॅलिनसारखं रात्रीचं क्रीम करतं. आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतूंना अशा पद्धतीने मारतं की त्याला ते सरावत नाहीत, म्हणून अँटिबायोटिकबरोबर ते लावायलाच सांगतात, नाहीतर जंतू गोळीला निर्ढावतात. मी पहिल्यांदा दोन्ही ट्यूब आठवड्याभरात सोडल्या होत्या, कारण अ‍ॅडापॅलिनने गाल कोरडे पडून सोलले आणि पिंपल्स उलट वाढल्यासारखे वाटले. सुरुवातीला असं होतं हे मला माहीत नव्हतं. नंतर कळलं की पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच घ्यायचं, चेहरा पूर्ण सुकल्यावर लावायचं, पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, आणि वरून साधं मॉइश्चरायझर. बेन्झॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं, माझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर गालाच्या जागी फिकट नारिंगी डाग पडलेत, त्यामुळे पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वापरा.

दोन आठवड्यांत सोडणं, किंवा वर्षभर चालू ठेवणं

दहाव्या दिवशी आरशात काही दिसलं नाही की लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिन मिळतं, म्हणजे दुसरं अँटिबायोटिक, आठवड्यातून तीन दिवसवालं, तेही पंधरा दिवस, मग तिसरा डॉक्टर डॉक्सीच्याच कुटुंबातलं मिनोसायक्लिन देतो. गोळीचा फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. रोज आरसा बघून काही कळत नाही, एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, आठवड्यातून एकदा फोटो काढा, दोन महिन्यांनी पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवा. मला माझा फरक तेव्हाच दिसला, त्याआधी रोज वाटायचं काहीच होत नाहीये.

आणि दुसऱ्या टोकाचे लोक, चेहरा साफ झाला म्हणून खूश होऊन तीच स्ट्रिप मेडिकलमधून आणत राहतात. चिठ्ठी जुनी, तरी मिळते. माझी एक मैत्रीण चौदा महिने घेत होती, कोणी थांब म्हणालंच नाही. त्वचेच्या डॉक्टरांचा साधारण हिशोब तीन-चार महिन्यांचा असतो, बाराव्या आठवड्याच्या आसपास बघायचं, गोळी थांबवायची आणि क्रीम पुढे चालू ठेवायचं. क्रीमने सांभाळायचं असतं, गोळीने नाही. खूप महिने अँटिबायोटिक चाललं तर काहींना नाकाभोवती आणि तोंडाभोवती अचानक पू भरलेल्या नव्या पुटकुळ्या येतात, तेव्हा वेगळ्याच जंतूंनी जागा घेतलेली असते आणि तीच गोळी अजून वाढवून उपयोग नसतो.

स्ट्रिपच्या पाठीवरची उभी लाल रेघ बघितलीये का? 2016 पासून केंद्र सरकारने त्या रेघेबद्दल जागृती चालवलीये, म्हणजे हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. गोळी फक्त चेहऱ्यावर जात नाही, पूर्ण अंगातून फिरते, आतड्यातल्या, नाकातल्या, घशातल्या सगळ्या जंतूंना तिची ओळख होते आणि तेही तिला निर्ढावू शकतात. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टो (अशा पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून महापालिका जी गोळी घ्यायला सांगते ती हीच डॉक्सी, आणि विदर्भात स्क्रब टायफसवर (बारीक किडा चावून होणाऱ्या तापावर) देतात तीही हीच. इतकी कामाची गोळी आहे, म्हणून मला ती अशी वाया गेलेली बघवत नाही.

मुळात पिंपल्स आहेत का ते बघा

कपाळावर, पाठीवर, छातीवर एकसारख्या बारीक पुटकुळ्या आणि खाज असेल तर ते फंगलचं असू शकतं, अँटिबायोटिकने ते वाढतं. गोरेपणासाठी म्हणून कोणी दिलेली क्रीम लावत असाल तर मागे घटक वाचा, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, त्यानेच पुटकुळ्या येतात, आणि बंद केलं की चेहरा आगीसारखा लाल होतो, त्यामुळे हे लपवू नका, डॉक्टरांना ट्यूब दाखवा. आणि मुलींनो, पाळी दोन-दोन महिने लांबतेय, हनुवटीवर जाड केस येतायत, पिंपल्स जबड्याच्या कडेनेच उठतायत, तर हार्मोन्सची तपासणी करून घ्या. अशात अँटिबायोटिक कितीही घेतलं तरी मूळ कारण तसंच राहतं.

हे आधीच सांगून ठेवा

प्रेग्नंट असाल किंवा तसा प्लॅन असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्सी-मिनो चालू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. आठ वर्षांखालच्या मुलांना ही औषधं साधारण देत नाहीत, दात पिवळे-तपकिरी होतात, त्यामुळे उरलेली स्ट्रिप छोट्या भावंडाला देऊ नका. कोणाकडून आयसोट्रेटिनॉइन (पिंपल्सवरचीच वेगळी गोळी) मिळालं म्हणून ते डॉक्सीबरोबर चालू करू नका, दोन्ही एकत्र घेतल्याने मेंदूभोवतीचं प्रेशर वाढू शकतं. योनीमार्गात खाज, पांढरा स्राव सुरू झाला तर लाजू नका, अँटिबायोटिकमुळे होतं आणि त्यावर सोपं औषध आहे. मिनोसायक्लिन चालू असेल तर जुन्या डागांवर किंवा पायाच्या नडगीवर निळसर-करडी छटा येतेय का ते बघत राहा. एक डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायचा नाही.

आणि काही गोष्टींना उद्या बघू म्हणायचं नाही: न थांबणारी डोकेदुखी आणि त्याबरोबर धूसर किंवा दोन-दोन दिसणं, अंगभर पुरळ, ओठ-डोळे सुजणं, शौचात रक्त. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, दम लागत असेल तर सरळ कॅज्युअल्टीत.

माझी गोळी बंद होऊन आता दीड वर्ष झालं. अ‍ॅडापॅलिन रात्री अजून चालू आहे, पाळीच्या आधी एक-दोन येतात, जातात. परवा मावसबहिणीने फोटो पाठवला, ताई माझीपण डॉक्सी चालू झालीये म्हणून, तर मी तिला सगळ्यात आधी विचारलं, गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांनी सांगितलंय का. नव्हतं सांगितलं. उद्या फोन करून विचारणार आहे ती.