ग्रीक पुतळा बघताना चेहरा शेवटी

मी सोलापुरात चित्रकला शिकवतो. पोरांना सांगतो, ग्रीक पुतळ्याचा फोटो समोर आला की चेहरा हातानं झाका आणि पायापासून वर या. आधी भार कुठल्या पायावर आहे ते शोधा. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या रांगेत ताटकळलेला माणूस आठवा: भार एकाच पायावर, त्या बाजूची कंबर वर, खांदा खाली. इ.स.पू. ६००च्या सुमाराचे कूरोस, म्हणजे तरुणांचे नग्न पुतळे, दोन्ही पायांवर ताठ उभे, इ.स.पू. ४८०च्या आसपासचा 'क्रिटिओस बॉय' हा मुलाचा पुतळा मात्र असा सैलावलाय.

मग कातडी. रोममध्ये १८८५ साली सापडलेला, बसलेला कांस्य मुष्टियोद्धा घ्या. मोडकं नाक, सुजलेले कान. आमच्या तालमीतल्या वस्तादांचे कान हुबेहूब तसेच! जखमांतलं रक्त दाखवायला तांबं जडवलंय.

आता हात बाजूला करा. मान वळवून तो वर बघतोय, तोंड किंचित उघडं. दमलाय. जिंकला की हरला, कळत नाही. दुसऱ्या एका पुतळ्यातल्या, सापांनी विळखा घातलेल्या लाओकून या ट्रॉयच्या पुजाऱ्याचा आक्रोश मला जरा नाटकी वाटतो, पण त्याचं आत ओढलेलं पोट बघाच.

रेखाटायला बसलात तर टूबी पेन्सिल घ्या, आणि त्या मुष्टियोद्ध्याचे कान आधी काढा.