ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत परसातले खुराडे कसे बांधावे

घणसोली, दिवाळे, बेलापूर, कळवा यांसारख्या गावठाणांत आणि येऊरच्या पायथ्याशी असलेल्या बैठ्या घरांत अजूनही परसात चार-सहा कोंबड्या पाळल्या जातात. त्यांची खुराडी मात्र बहुधा चारही बाजूंनी फळ्या ठोकून, वर पत्रा टाकून आणि पावसाळ्यात ताडपत्रीने झाकून बंदिस्त केलेली आढळतात. कोंबडीला थंडीवाऱ्यापासून जपायचे, हा त्यामागचा विचार असतो. आपल्या भागात कोंबडीला थंडीचा त्रास फारसा नाही. तिला त्रास होतो तो ओलीचा आणि कोंडलेल्या हवेचा. मी स्वतः पहिल्या पावसाळ्यात खुराडे ताडपत्रीने गच्च झाकले होते. जुलै संपण्याआधी सहापैकी दोन कोंबड्या डोळ्यांतून पाणी येऊन आणि घरघर लागून गेल्या. म्हणून पुढे दिलेल्या रचनेत खेळत्या हवेचा विचार आधी केला आहे आणि बाकीचे सारे त्याभोवती बेतले आहे.

बांधकामाला हात घालण्यापूर्वी आपल्या महापालिकेचे आणि, सोसायटी असल्यास, तिचे नियम विचारून घ्यावेत आणि शेजाऱ्यांशी बोलून ठेवावे. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. पहाटेच्या आरवण्यावरून होणारी भांडणे टाळायची असतील, तर फक्त माद्या पाळाव्यात.

जागा आणि आकार

सहा कोंबड्यांसाठी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद खुराडे पुरते. प्रत्येकीच्या वाट्याला चार चौरस फूट जागा येते आणि मुसळधार पावसात दिवसभर आत बसावे लागले तरी त्या एकमेकींना टोचत नाहीत. लांब बाजू दक्षिण आणि उत्तर दिशेला येतील अशा रीतीने खुराडे पूर्व-पश्चिम मांडावे, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतले दुपारचे ऊन फक्त आखूड भिंतीवर पडते. ती पश्चिमेची भिंत वरची पट्टी सोडून फळ्यांनी बंद करावी आणि दार पूर्वेला ठेवावे.

खुराड्याची जमीन मातीपासून दोन फूट उंच हवी. खाडीलगतच्या सखल भागात भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की परसात पाणी साचते. शिवाय उंच जमिनीमुळे घुशींना खालून पोखरता येत नाही. खांबांसाठी वखारीत मिळणारे जुने सागवानी वासे उत्तम. ते थेट मातीत न पुरता सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभे करावेत, नाहीतर वाळवी लागते. जमिनीला जाड फळ्या वापराव्यात.

छप्पर

आपल्याकडचा पाऊस प्रामुख्याने नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो. त्यामुळे छप्पर एकाच बाजूला उतरते करावे आणि त्याची ठेंगणी बाजू दक्षिणेला ठेवावी, म्हणजे खुराडे जणू पावसाकडे पाठ करून उभे राहते. दक्षिणेची भिंत चार फूट आणि उत्तरेची पाच फूट उंच घ्यावी. पत्रा दक्षिणेला दोन फूट, तर उत्तरेला एक फूट आणि दोन्ही टोकांना दीड फूट बाहेर काढावा. रुंदीच्या दिशेने आठ फुटी पत्रे पुरतात. चार फुटांत एक फूट उतार असल्याने दक्षिणेची पत्र्याची कड भिंतीच्या माथ्यापेक्षा अर्धा फूट खाली येते, आणि याच कडेमुळे भिंतीची वरची जाळी पावसाळ्यातही उघडी ठेवता येते. पत्रा वाचवण्यासाठी वळचण आखूड केली, तर पुढचे सगळे गणित चुकते. पागोळ्यांचे पाणी वाहून जाण्यासाठी खाली उथळ चर काढावा.

पत्रा तापतो हे खरे. त्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात द्यावेत आणि आत, पत्र्यापासून चार बोटे अंतर ठेवून, बांबूची चटई ताणावी; चटईची टोके भिंतीला टेकवू नयेत. मार्चअखेर वर नारळाच्या झावळ्या घालाव्यात आणि मेअखेर त्या काढून टाकाव्यात, कारण त्या भिजल्या की कुजतात. भिंतींवर ओली गोणपाटे टांगण्याचा सल्ला अनेक जण देतात. कोरड्या हवेच्या प्रदेशात तो चांगला असला, तरी आपल्या दमट हवेत पाणी सहज उडून जात नाही. त्यापेक्षा सावली आणि वारा यांवर भर द्यावा.

हवेची वाट

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि उकाडा वाढला की ती चोच उघडून धापा टाकत श्वासावाटे उष्णता बाहेर टाकते. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. ते पाणी श्वास आणि विष्ठा यांवाटे बाहेर पडते. पावसाळी दिवसांत सहाही जणी आत असताना यातले पुष्कळसे पाणी खुराड्याच्या हवेत आणि अंथरलेल्या भुशात उतरते. ओल्या विष्ठेवर जिवाणू वाढले की तिच्यातून अमोनिया सुटतो, त्याने डोळे आणि श्वासनलिका चुरचुरतात आणि मग साधे दुखणेही बळावते. हवा खेळती असली, तर ही साखळी सुरुवातीलाच तुटते.

उत्तर आणि दक्षिण भिंतींचा खालचा एक फूट फळ्यांनी बंद करावा, म्हणजे जमिनीवरून उडणारे शिंतोडे आत येत नाहीत. त्यावर थेट वाशापर्यंत जाळी असावी. खालून आलेली गार हवा आत तापते, उबदार ओलसर हवा वर चढते आणि उत्तरेच्या उंच बाजूने निघून जाते. वारा पडलेला असतानाही हे चालते, फक्त वरची वाट मोकळी हवी.

झड अडवण्यासाठी पडदा लागतोच, पण तो उलटा लावावा. घरोघरी ताडपत्री वर बांधून खाली सोडतात, त्यामुळे सर्वांत महत्त्वाची वरची फट आधी बंद होते. व्यावसायिक कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये पडदा खाली पक्का करून दोरीने वर ओढतात. तीच पद्धत आपणही घ्यावी. दक्षिणेचा पडदा जोराच्या झडीत तीन फुटांपर्यंत चढवावा. वरचा एक फूट कोणत्याही ऋतूत झाकू नये. पाऊस थांबताच पडदा उतरवावा.

जाळी

षट्कोनी छिद्रांची स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, वेल्ड केलेली आणि जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घ्यावी. खाडीच्या खाऱ्या हवेत साधी तार लवकर गंजते. अंड्यांच्या वासाने येणारी धामणही या जाळीला अडते. दाराला दोन कड्या असाव्यात. येऊरच्या बाजूला बिबट्याचा वावर असल्याने खुराडे घराच्या भिंतीलगतच ठेवावे.

आतली मांडणी

बसण्यासाठी दोन इंच रुंद, कडा गोल घासलेली दांडी जमिनीपासून दीड फुटावर लावावी. दर कोंबडीमागे दहा इंच धरले, तर पाच फूट लागतात. दांडीखाली राख पसरलेला पत्र्याचा ट्रे ठेवून तो रोज सकाळी रिकामा करावा. ओलीचा मोठा भाग यानेच कमी होतो. ती विष्ठा ताजी असताना झाडांना घालू नये, पालापाचोळ्यात कुजवून मगच घालावी. अंड्यांसाठी बारा इंचांच्या दोन पेट्या, दांडीपेक्षा खाली आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवाव्यात.

जमिनीवर भाताचे तूस तीन इंच पसरावे. मुरबाड, शहापूरकडच्या भातगिरण्यांत ते मिळते. मूठभर तूस दाबून पाहावे: मूठ उघडल्यावर ते सुटे झाले तर ठीक, गोळा राहिला तर तेवढा भाग काढून नवे घालावे. पाण्याचे भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगावे आणि दाणा-पाणी छपराखालीच ठेवावे. ठाणे खाडीवर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने येतात, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला होता. रानपक्षी आणि कोंबड्या एकाच भांड्यातून पिऊ नयेत, एवढी काळजी घ्यावीच. अचानक दोन-तीन पक्षी दगावले, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

तपासणी

कोंबड्या आणण्यापूर्वी, तूस पसरायच्याही आधी, रिकाम्या खुराड्यात पडदे चढवून दांडीच्या उंचीवर उदबत्ती धरावी. धूर हळूहळू वर जाऊन उत्तरेच्या जाळीतून बाहेर पडला पाहिजे. तो छपराखाली रेंगाळला, तर चटईची कड आणखी मागे घ्यावी. कोंबड्या आल्यानंतर पहाटे दार उघडण्यापूर्वी गुडघ्यांवर बसून, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर श्वास घ्यावा. नाकाला झोंबले किंवा पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, तर पडदा रात्रभर जास्त चढलेला होता असे समजावे.

नव्या कोंबड्यांना पहिले चार दिवस खुराड्यातच दाणा-पाणी द्यावे. पाचव्या दिवशी, सूर्य मावळायच्या तासभर आधी, त्यांना बाहेर सोडावे. अंधारू लागताच त्या आपणहून दांडीवर परततात.