फ्लॅशची वाटणी आधी कागदावर करा

तासगावच्या एका द्राक्षबागेत आमच्या पहिल्या काही बोर्डांपैकी एक, म्हणजे सेन्सर जोडलेला छोटा संगणक, बसवला होता. पानांचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता मोजायचा. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या बुरशीजन्य रोगाचा धोका किती, हे पान किती तास ओलं राहिलं यावर बरंच ठरतं. एका सकाळी बागायतदार आबांचा फोन आला, "रात्री लाईट चार-पाच वेळा गेली न् आली. तवापासनं डबा गप्प हाय."

कुपवाड एमआयडीसीतून गाडी काढली, बागेतच सिरियल केबल जोडली. स्क्रीनवर यू-बूटची (बोर्ड सुरू करणाऱ्या बूटलोडरची) ओळ आली: बॅड सीआरसी, यूझिंग डीफॉल्ट एन्व्हायर्नमेंट. म्हणजे एन्व्हायर्नमेंट, अर्थात बूटलोडरची साठवलेली सेटिंग्ज, बिघडलेली निघाली आणि तो मूळच्या सेटिंग्जवर गेला. चिप ठणठणीत होती. चूक मी आखलेल्या पार्टिशनांत, म्हणजे फ्लॅशच्या (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरी चिपच्या) वाटणीत होती.

झालं असं, की दर बूटला आम्ही एन्व्हायर्नमेंटमध्ये एक काउंटर लिहायचो आणि त्या एन्व्हायर्नमेंटची एकच प्रत ठेवली होती. आमच्या बोर्डावरच्या नॉर प्रकारच्या फ्लॅशमध्ये १ चा ० कधीही करता येतो, पण ० चा पुन्हा १ करायचा तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू१२८जेव्हीला ६४ केबीचा ब्लॉक पुसायला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. डेटाशीटमधली कमाल मर्यादा २ सेकंदांची आहे. नेमकी त्यातच वीज गेली, की जुनं पुसलेलं असतं आणि नवं लिहिलेलं नसतं. शेताच्या लाइनवर तो क्षण आज ना उद्या येणारच.

म्हणून इंजिनिअरिंग संपवून या कामाला लागणाऱ्या मुलामुलींना मी आधी कागद घ्यायला सांगतो. फ्लॅशच्या प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: इथे कोण लिहितं, किती वेळा लिहितं आणि मध्येच वीज गेली तर काय शिल्लक राहतं. आकार त्यानंतर ठरवा.

१६ एमबीच्या चिपवर आमची आताची वाटणी अशी आहे. सुरुवातीला ५१२ केबी बूटलोडरला. तो आज ३०० केबीचा असला तरी जागा सढळ सोडा. बूटलोडर वाढून शेजारच्या एन्व्हायर्नमेंटवर चढला, की पहिल्याच सेव्हला त्याचीच शेपटी पुसली जाते. त्यापुढे एन्व्हायर्नमेंटच्या दोन प्रती, दोन स्वतंत्र ६४ केबी ब्लॉकांत. एकाच ब्लॉकात दोन प्रती ठेवल्या तर त्या एकदमच पुसल्या जातील. मग ६४ केबी मॅक अ‍ॅड्रेस आणि सेन्सर कॅलिब्रेशनला. हा भाग डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) रीड-ओन्ली करतो. फर्मवेअरच्या दोन प्रती, प्रत्येकी साडेसहा एमबी. प्रत्येक प्रतीत कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि स्क्वॉशएफएस (दाबून भरलेली, फक्त वाचता येणारी फाइल सिस्टिम). नवीन आवृत्ती बंद असलेल्या प्रतीत लिहायची आणि ती नीट उठली तरच कायम करायची. उरलेले २३६८ केबी सेन्सरच्या नोंदींना. प्रत्येक हद्द ब्लॉकच्या बांधावरच येते.

नोंदींचा हिशेब मात्र स्वतः करून बघाच. दर मिनिटाला एक नोंद आणि प्रत्येक वेळी तोच ४ केबीचा सेक्टर (या चिपवर एका वेळी पुसता येणारा सर्वांत लहान तुकडा) पुसून लिहिला, तर दिवसाला १४४० वेळा पुसणं होतं. चिपची हमी १ लाख वेळांची, म्हणजे सत्तर दिवसांत ती संपते. छाटणी ते काढणी हा एक हंगामसुद्धा निघत नाही! तीच ३२ बाइटची नोंद पुढे पुढे लिहीत गेलात तर एका सेक्टरात १२८ नोंदी बसतात आणि २३६८ केबीची फेरी पूर्ण व्हायला ५२ दिवस लागतात. प्रत्येक सेक्टर ५२ दिवसांतून एकदाच पुसला जातो. चिप तीच, किंमत तीच.

१६ एमबीपेक्षा मोठी चिप घ्यायची असेल तर पीसीबी (सर्किट बोर्ड) करणाऱ्याशी आधीच बोला. तीन बाइटचा पत्ता १६ एमबीपर्यंतच पुरतो, त्यापुढे चार बाइट लागतात. चिप चार बाइटच्या मोडमध्ये असताना फक्त प्रोसेसर रिसेट झाला, तर अनेक प्रोसेसरांचा बूट रॉम (प्रोसेसरमध्येच कायमचा कोरलेला पहिला प्रोग्राम) तीन बाइटनेच वाचायला जातो आणि बोर्ड अडकतो. फ्लॅशची रिसेट पिन बोर्डाच्या रिसेटला जोडली तर हे टळतं. बोर्ड छापून आल्यावर सॉफ्टवेअरमधून सोडवणं फार जड जातं.

नँड या दुसऱ्या प्रकारच्या फ्लॅशमध्ये जागा स्वस्तात मिळते, पण कारखान्यातूनच काही ब्लॉक खराब येऊ शकतात. तिथे ठरावीक पत्त्यांवर विसंबू नका, यूबीआय (खराब ब्लॉक टाळून पत्ते सांभाळणारा लिनक्सचा थर) वापरा.

बोर्ड हातात नसला तरी सराव अडत नाही. लिनक्समध्ये नँडसिम आणि एमटीडीरॅम ही मॉड्यूल्स खोटी फ्लॅश उभी करतात. प्रोक-एमटीडी (/proc/mtd) फाइलमध्ये आपली वाटणी दिसते, त्या खोट्या फ्लॅशवर हवं ते पुसून बघा.

आबांच्या बागेत दुसरा बोर्ड लावण्याआधी आम्ही त्याच्या वीजपुरवठ्यात टायमरचा रिले घातला आणि रात्रभर वेगवेगळ्या क्षणी लाईट तोडत राहिलो. सकाळी सिरियल लॉगमध्ये एन्व्हायर्नमेंटची एक प्रत बिघडल्याचं तीनदा दिसलं. तिन्ही वेळा बोर्ड दुसऱ्या प्रतीवरून उठला होता. त्यानंतरच तो तासगावला नेला.