राणीच्या बागेत लहान मुलांना घेऊन जाताय? मग असं करा

मुंबईत भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि प्राणिसंग्रहालय, तशी आटोपशीर आहे, चार-पाच वर्षांचं पोर अर्ध्या दिवसात फिरू शकतं. पण बहुतेक जण तिथे जाऊन नुसते पळतात, हे झालं, पुढचं चल, ते झालं, पुढचं चल, आणि घरी आल्यावर मुलाला एकही प्राणी नीट आठवत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की सगळं बघायचा हट्ट सोडा, घरूनच मुलांना विचारून चार-पाच प्राणी ठरवा आणि प्रत्येकापाशी निवांत थांबा.

आधी दिवस ठरवा. बुधवारी बाग बंद असते, पण बुधवारी सरकारी सुट्टी आली तर उलट उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद, त्यामुळे सणासुदीच्या आठवड्यात गुरुवारी जाणाऱ्यांनी आधी खात्री करा. रविवार आणि मे महिना शक्यतो टाळाच, शनिवारी जाणं भाग असेल तर साडेनऊला गेट उघडताना तिथे हजर राहा. तिकीट मोठ्यांना 50 आणि मुलांना 25 रुपये, आईबाबा आणि दोन मुलं मिळून जात असाल तर 100 रुपयांचं फॅमिली तिकीट मागा, खिडकीवर कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

गाडी काढू नका. सेंट्रल रेल्वेच्या बहुतेक फास्ट लोकलसुद्धा भायखळ्याला थांबतात, ईस्टला उतरलं की चालत दहा-पंधरा मिनिटं, आजी-आजोबा बरोबर असतील तर टॅक्सी करा. पिशवीत स्टीलची पाण्याची बाटली, टोपी, एक जादा कपड्यांचा जोड, बास. प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा, ती वाऱ्याने उडून हरणांच्या तोंडी लागतात आणि पोटात अडकून जनावर मरू शकतं. मुलांना पोटभर खायला घालूनच निघा, म्हणजे आत गेल्या गेल्या भुकेची रडारड नाही.

आत शिरलात की थेट पेंग्विन. नंतर तिथली रांग वाढत जाते आणि सकाळी मुलंही ताजी असतात. हे हम्बोल्ट पेंग्विन, 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले आणि 2017 च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळायला लागले, आता दिसतात त्यातले बरेच इथेच भायखळ्यात जन्मलेत. मुलांना वाटतं पेंग्विन म्हणजे बर्फ, तर त्यांना सांगा की हे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिकडे बर्फ नाही, वाळवंटासारखा कोरडा किनारा आहे आणि समुद्रात गार पाण्याचा प्रवाह वाहतो. मग काचेजवळ एका पेंग्विनच्या छातीकडे नीट बघायला लावा. पांढऱ्या भागावर काळे ठिपके दिसतील, ते प्रत्येकाचे वेगळे असतात. मुलाला म्हणा तू एक निवड आणि त्याचे ठिपके लक्षात ठेव, मग तो पाण्यात उडी मारून दुसरीकडे निघाला की शोधून दाखव. या खेळात अगदी चुळबुळं पोरसुद्धा रमतं. एखादा पेंग्विन पिसं विस्कटलेला, कोपऱ्यात मख्ख उभा दिसला तर लगेच आजारी समजू नका, वर्षातून एकदा त्यांची सगळी पिसं एकदमच गळून नवी येतात आणि तोपर्यंत ते पाण्यात जात नाहीत. काचेवर टकटक मात्र अजिबात करू द्यायची नाही.

वाघ दुपारी झोपलेलाच असतो, जंगलातही तेच करतो, त्यामुळे पेंग्विन झाले की लगेच त्याच्याकडे जा. झोपलेला असला तरी कानाच्या मागे पांढरा ठिपका दिसतो का ते बघायला सांगा. आणि एक कळकळीची विनंती, प्राण्याने हलावं म्हणून शिट्ट्या, हाका, ओरडणं असलं काही करू नका. आईबाप ओरडले की मुलंही तेच शिकतात, आणि त्या प्राण्याला तिथून उठून कुठे जाता येत नाही हो, दिवसभर ऐकावंच लागतं त्याला.

मगरीपाशी काचेतून पाण्याखालचं दिसतं, तिथे थांबा. मगर तोंड उघडं ठेवून पडलेली असेल तर ती कुणाला खायला टपलेली नसते, अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. पाणघोडा दिसतच नाही म्हणून लोक पुढे निघतात, पण तो दर थोड्या मिनिटांनी श्वास घ्यायला वर येतोच, मुलांबरोबर मोठ्याने आकडे मोजत उभे राहा, नाक वर आलं की काय आनंद होतो त्यांना! मुक्त पक्षी विहारात आपण आत चालत जातो आणि पक्षी डोक्यावरून उडतात, तिथे आवाज जितका कमी तितके पक्षी जवळ. हरणं शेवटी ठेवली तरी चालतात.

झाडं विसरू नका, 1862 मध्ये ही बाग सुरू झाली ती झाडांचीच बाग म्हणून. गोरखचिंचेच्या बुंध्याला मुलांना हात धरून वेढा घालायला लावा, पुरणार नाहीत. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात, ती दाखवा. थंडी सरताना गेलात तर उर्वशीची लालचुटुक लोंबणारी फुलं मिळाली तर बघा, ती बघायला झाडवेडे लोक मुद्दाम येतात.

खेळायची जागा सगळ्यात शेवटी, यावर ठाम राहा. घसरगुंडी आधी दाखवलीत तर तिथून वाघाकडे न्यायला तुमचे हाल होतील. आणि तिथे गेल्यावर घाई करू नका, अर्धा-पाऊण तास मनसोक्त खेळू द्या, मुलांचा दिवस तोच असतो. भर उन्हात लोखंडी घसरगुंडी तापते, आधी स्वतःचा हात लावून बघा. सोडायच्या आधी "अजून दोन फेऱ्या, मग निघायचं" असं आधीच सांगून ठेवलं की रडणं निम्मं होतं.

आजी-आजोबांना एवढं चालणं झेपणार नसेल तर बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 चं, तेही बुधवारी बंद. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तुटला आणि इथेच राहिला. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

परतताना चारच्या आत स्टेशन गाठा. पाचनंतर कल्याणकडच्या गाड्यांना जी गर्दी असते त्यात झोपाळलेलं मूल कडेवर घेऊन चढणं सोपं नाही, उशीर झालाच तर स्लो पकडा.