जेडिडाया बेटावर नांगर टाकताना या चुका टाळा

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जॉर्जिया सामुद्रधुनीत, टेक्साडा आणि लास्केटी या दोन बेटांच्या मधे जेडिडाया आहे. जेमतेम २४३ हेक्टर, बहुतेक सगळं जंगल: डग्लस फर, सीडर आणि पाण्यावर झुकलेली तांबूस सालीची अर्ब्युटसची झाडं. १९९५ पासून हे प्रांतिक सागरी उद्यान आहे. धक्का नाही, त्यामुळे रात्र काढायची तर नांगरावरच. उन्हाळ्यात बेटाच्या डीप बे या अरुंद खाडीत बोटी शिरतात आणि पुन्हा त्याच चुका होतात. आता बघवत नाही, म्हणून लिहितोय.

पहिली चूक नांगराच्या साखळीच्या हिशोबाची. खोलीमापकावर आत्ता जो आकडा दिसतो त्याच्या पाचपट साखळी सोडायची आणि मोकळं व्हायचं, असं नवशिक्यांना वाटतं. इथे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. शिवाय उन्हाळ्यात सर्वात खोल ओहोटी बहुतेक दिवसा येते आणि मोठी भरती रात्री, तुम्ही झोपेत असताना. समजा दुपारी खोली ४ मीटर आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून १ मीटर वर. दोन्ही मिळून ५ मीटर, त्याच्या पाचपट म्हणून २५ मीटर साखळी सोडलीत. रात्री पाणी ४ मीटर चढलं की तीच साखळी पावणेतीनपट उरते. हिशोब नेहमी रात्रीच्या भरतीवर करायचा. या उदाहरणात ९ मीटरच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर लागतात.

एवढ्या साखळीवर बोट गोल फिरू लागली तर अरुंद खाडीत जागा पुरत नाही, म्हणून मागून एक दोर किनाऱ्याला बांधतात. माझं खरं भांडण या दोराशी आहे.

एका जुलैत भर दुपारी भाड्याची एक बोट आली. नांगर सोडला, त्याच्यावरच साखळीचा ढीग ओतला, बोट मागे न घेताच इंजिन बंद. मग डिंगीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून, जाऊन जवळच्या अर्ब्युटसला दोराची घट्ट गाठ. पाच मिनिटांत सगळं आटोपलं म्हणून मंडळी खूश होती. अंधार पडल्यावर क्वालिकम सुटला. व्हँकुव्हर बेटावरून लास्केटीच्या दिशेने येणारा हा पश्चिमेचा वारा उन्हाळ्याच्या संध्याकाळी अचानक जोर धरतो. मागून बांधलेली बोट वाऱ्याकडे तोंड वळवू शकत नाही, सगळा मारा कुशीवर घेते. नांगर घसरला, बोट खडकाकडे सरकू लागली. गाठ इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी आम्ही जाऊन दोर कापला तेव्हा कुठे त्यांना इंजिनावर बाहेर पडता आलं. नांगर वर आला तो समुद्री गवताचा भारा घेऊन. सकाळी झाड पाहिलं. अर्ब्युटसची साल कागदासारखी पातळ असते. दोराने ती घासून बुंध्याभोवती ओल्या पांढऱ्या लाकडाचा पट्टा उघडा पडला होता. साल सगळीकडून गेली की झाड वरून सुकत जातं. एका रात्रीच्या सोयीसाठी झाडाचा जीव घेण्याचा हक्क कुणाला नाही.

डीप बेच्या खडकांत उद्यानाने दोरासाठी साखळ्या बसवल्या आहेत, त्याच वापरायच्या. मी तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा लांब दोर ठेवतो. तो कडीतून ओवून दुसरं टोक परत बोटीवर आणतो. निघायचं असेल तर एक टोक सोडलं की झालं. पाण्याच्या चढउताराप्रमाणे दोर ढिला-ताठ करायला रात्री एकदा उठतो.

नांगर रुतवणं हे घाईचं काम नाही. बोट हळू मागे घेत साखळी अंथरायची. मग मी चहा टाकतो. चहा होईपर्यंत नांगर चिखलात बसतो. त्यानंतर इंजिन मागे, वेग हळूहळू वाढवत, आणि पाय साखळीवर. साखळी थरथरत असेल तर नांगर घसरतोय: उचला, पुन्हा टाका. किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून ठेवली की बोट सरकतेय का तेही कळतं. एवढा धीर नसेल त्याने मरीनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, राहावं.

समुद्री गवतावर नांगर टाकू नका. तिथे तो धरत नाही, आणि हेरिंग मासे त्याच गवतावर अंडी घालतात.

जुन्या नकाशांवर खोली फॅदममध्ये असते. एक फॅदम १.८३ मीटर. कोपऱ्यातलं एकक आधी वाचा.

बोट जागेवरून सरकली की वाजणारा मोबाइलवरचा नांगराचा अलार्म लावा, पण त्यावर विसंबून गाढ झोपू नका.

मैल्याची टाकी खाडीत रिकामी करणाऱ्यांशी मी बोलत नाही. कुत्रा पट्ट्याला बांधूनच उतरवा, बेटावर रानटी झालेल्या शेळ्यामेंढ्या आहेत.

आणि संध्याकाळी व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, ‘जॉर्जिया सामुद्रधुनी, नानायमोच्या उत्तरेस’ या विभागाचा हवामान अंदाज ऐका. पश्चिमेचा जोरदार वारा सांगितला असेल तर उजेड असतानाच मागचा दोर सोडा आणि मोकळं फिरता येईल अशा आडोशाला जाऊन नुसत्या नांगरावर राहा.